न येण्याचं आवतण

पनवेलजवळचं नेरे ओलांडून डोंगराच्या दिशेनं गेलं की जे गाव लागतं, तिथे कुणाच्याही घरी लग्न निघालं की पहिला निरोप जगन भोपीला जायचा. छापील पत्रिका पाहुण्यारावळ्यांसाठी. गावात पत्रिकेला कुणी विचारत नसे. गावाला आवतण द्यावं लागे, दारात उभं राहून, तोंडानं. कोणाच्या दारात आधी जायचं, कुठल्या दोन भावांना वेगवेगळं सांगायचं, कुठल्या म्हातारीपाशी खाली बसून, तिचे गुडघे कसे आहेत ते विचारून मगच लग्नाचं काढायचं, हे जगनला कुणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं. तो पांढरा सदरा घालायचा, खांद्यावर टॉवेल टाकायचा आणि अंगणातूनच आवाज द्यायचा, "चूलबंद आवतन हाय बरं का! घरात कोनी चूल पेटवायची नाय!" म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी तिकडेच जेवायला यायचं.

नुसतं आवतण देऊन तो घरी बसायचा नाही. हळदीच्या दिवशी मटणाच्या टोपाशी तो, तांदळाच्या भाकऱ्या भाजणाऱ्या बायकांना लाकडं पुरवायला तो, आणि नवरीचा मामा रुसून गाडीत जाऊन बसला तर त्याला हाताला धरून मांडवात आणायलाही तोच. न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात तो सुपरवायझर होता. तिथल्या त्याच्या रजा बहुतेक दुसऱ्यांच्या लग्नांतच संपायच्या. बायको मालू कधी वैतागून म्हणायची, "लोकांच्या पोरी उजवा तुमी. आपली पोरगी म्हातारी व्हईल तवर."

त्यावर जगन हसायचा. "माज्या पोरीच्या लग्नात बघ तू. मांडव पुरायचा नाय."

पोरगी एकच, प्राची. बी.एस्सी. होऊन पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलेली, शांत डोक्याची. तिचं लग्न ठरलं उरणच्या बाजूच्या हृतिकशी. हृतिकचा बाप काशिराम जगनच्याच यार्डात कंटेनर उचलायची अजस्र गाडी चालवायचा. दोघं वर्षानुवर्षं दुपारी एका डब्यात जेवलेले, एकमेकांच्या बायकांच्या हातची चव ओळखणारे. काशिरामच्या घरात बायको रमा आणि म्हातारी आई गोदूबाई. मुलांनी एकमेकांना पसंत केलं तेव्हा दोघा बापांनी यार्डात पेढे वाटले. साखरपुडा झाला, दोन हजार वीसच्या वैशाखातली तारीख निघाली, आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं.

तेव्हा काशिरामचा फोन आला. "जगन, आपन घरातल्या घरात लावून टाकू. पन्नास मान्सांची परवानगी देतात म्हनं. आय रोज विचारते, नातसून कवा येते."

"येडा झालास काय तू?" जगन म्हणाला. "गावात मी कोनाच्या घरी जेवलो नाय ते सांग. पन्नास मान्सांत पोरगी लावून दिली तर उद्या तोंड कुठं दाखवू? दिवाली जाऊ दे. तवर जाईल हे सगलं."

काशिराम फोनवरच हसला. "बरं बाबा. गाव जेवल्याबिगर तू काय पोरगी देनार नाय."

लग्न पुढे गेलं. त्या वेळी ते इतकं सोपं होतं. मांडववाल्याला एक फोन, गुरुजींना एक फोन. जगनला वाटलं, तारीख म्हणजे काय, पाहुण्यासारखी, आज नाही तर उद्या येईल.

गणपती उठले त्याच आठवड्यात काशिरामला ताप आला. आधी घरीच काढा घेत बसला, मग दम लागायला लागला. दवाखान्यात गेला तो स्वतःच्या पायांनी, हृतिकच्या मोटरसायकलवर मागे बसून. तिथून त्याला कुणी घरी आणलं नाही. शेवटी पिशवीत गुंडाळलेला बाप लांबूनच बघायची परवानगी एकट्या हृतिकला मिळाली. जगन स्मशानाच्या फाटकाबाहेर मास्क लावून उभा होता. गावातलं कुणी गेलं की तिरडी बांधायला, मडकं धरायला, माणसांना पाणी द्यायला तो पुढे असायचा. इथे त्याला करायला काहीच नव्हतं. फाटकापाशी बसलेल्या माणसानं दोनदा सांगितलं, "काका, घरी जा." दुसऱ्यांदा सांगितल्यावर तो निघाला.

तेराव्याला गोदूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. लेकाचं दुःख त्यांच्या डोळ्यांत मावत नव्हतं, पण पहिलं बोलल्या ते नातवाचं. "घरात मयत झालं. आता वर्साच्या आत लगीन व्हायला पायजे. नाय झालं तर तीन वर्सं थांबावं लागतं. मी काय तीन वर्सं थांबनार हाय?"

जगननं मान हलवली. "आत करू. वर्साच्या आत करू."

पण रमाला सहा महिने तरी जाऊ द्यायचे होते, आणि तिला घाई करा म्हणायची कुणाची छाती नव्हती. मग गुरुजींनी पंचांग उघडलं. आधी गुरूचा अस्त, तो संपतो तोच शुक्राचा. एप्रिल सरत येईपर्यंत मुहूर्तच नव्हता. शेवटी मे महिन्यातली तारीख धरली. आणि मध्यंतरी, माघ-फाल्गुनात, लोक मोकळे फिरायला लागले होते. पनवेलच्या बाजारात पुन्हा धक्काबुक्की सुरू झाली, हॉल भरायला लागले. जगनच्या अंगात जुनं वारं शिरलं. बँजोवाला ठरला, मोठे टोप सांगून झाले, धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणणारी धवलारीण कुठल्या गावची आणायची यावर मालूशी वाद घालूनही झाला.

आणि मग चैत्र लागताना आकडे फुगायला लागले. या वेळचं मरण लांबच्या बातमीतलं नव्हतं. नेऱ्याच्या बाजारातला दुकानदार गेला. यार्डातले दोघे जण गेले, त्यातला एक तिशीतला. रुग्णवाहिकेचा आवाज आला की मालू हातातलं काम थांबवून तो कुठल्या बाजूला जातो ते ऐकत राहायची. एप्रिलच्या शेवटी नवीन आदेश निघाला. लग्नाला पंचवीस माणसं, सगळी मिळून. आणि दोन तासांत सगळं उरकायचं.

जगननं टीव्हीवर ते ऐकलं आणि टीव्ही बंद केला. जरा वेळानं पुन्हा लावून पुन्हा ऐकलं.

"पंचवीसमदी तर नुसता माजा चुलत भाव आन् त्याची पोरं बसतात," तो मालूला म्हणाला.

त्यानंतरचे काही दिवस तो ज्याला त्याला विचारत फिरला. आयुष्यभर लोक त्याला विचारायला यायचे, आता तो विचारायला निघाला. पोलीस ठाण्यात गेला तर तिथला हवालदार इतका थकलेला होता की त्यानं वरही पाहिलं नाही. "पंचवीसच्या आत करत असाल तर अर्ज द्या. नसेल करायचं तर नका देऊ. करा की नका करू, हे आम्ही नाही सांगत." गुरुजी म्हणाले, "मुहूर्त माझ्याकडे आहे, जगन. माणसांचं तुम्ही बघा. आणि हो, मी स्वतः आजारी पडलो तर मात्र दुसरा कुणी मिळणं कठीण." रमाला फोन केला, तर ती म्हणाली, "तुमी सांगाल तसं. हे असते तर त्यांनी ठरवलं असतं." त्यानं फोन ठेवला आणि बराच वेळ अंगणातल्या शेवग्याखाली उभा राहिला.

धाकटा भाऊ हरेश शेजारच्याच घरात राहायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. "पुढं ढकल दादा. मानसं मरतात आन् आपन काय लगीन लावतो? वर्साचा नियम काय देवानं लिवून दिलाय?"

"आन् गोदूबाईंना काय सांगू?"

"त्यांना मी सांगतो."

"मागच्या वेलेला बी मीच ढकललं हरेश," जगन म्हणाला. "काशिराम हसला व्हता फोनवर."



मालूला मनातून हवं काय ते जगनला कळत नव्हतं. विचारलं की ती म्हणायची, "माज्या हातात काय हाय?" आणि कामाला लागायची. तिनं लेकीसाठी घेतलेली भांडी वर्षभर पोत्यात बांधून माळ्यावर ठेवली होती. एके दिवशी जगननं पाहिलं, ती पोतं खाली काढून एकेक भांडं पुसत होती आणि पुन्हा पोत्यात भरत होती.

शेवटी प्राचीच बोलली. लॅबमधून ती संध्याकाळी यायची, मागच्या दारी आंघोळ करायची, कपडे गरम पाण्यात टाकायची आणि मगच घरात पाय ठेवायची. त्या दिवशी ओल्या केसांनी येऊन बापासमोर पाटावर बसली.

"पप्पा, तुम्ही सगळ्या पनवेलला विचारून आलात. मला नाही विचारलंत."

"तुला काय विचारायचं? तुजंच तर चाललंय."

"म्हणूनच. रोज किती पॉझिटिव्ह येतात ते मी माझ्या डोळ्यांनी बघते. पुढे ढकलायचं तर कधीपर्यंत, ते मला सांगा. दिवाळी? मागच्या वेळीही तुम्ही दिवाळीच म्हणाला होतात."

जगननं खाली पाहिलं.

"तिकडे हृतिक सकाळी यार्डात जातो. त्याच्या आई दिवसभर एका जागी बसून असतात. गोदू आजीला आंघोळ कोण घालतं माहितीये तुम्हाला? शेजारची बाई. मला त्या घरात जायचंय. मला बँजो नको, काही नको. मागच्या वेळी तुम्ही ठरवलंत, मी काही बोलले नाही. या वेळी मी सांगते. लावून टाका."

जगनच्या मनात आलं, हिला आपण मोठी कधी होऊ दिली? खांद्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी आपल्या हातातलं शेवटचंही काही काढून घेतल्यासारखं वाटलं. तो एवढंच म्हणाला, "बरं."

पंचवीसची वाटणी झाली. गुरुजी एक, उरलेल्यांत बारा इकडचे, बारा तिकडचे. इकडच्या बारात घरची तीन, हरेशच्या घरची पाच, मालूचा भाऊ आणि भावजय. धवलारीण नको असं ठरलं, ती सत्तरीची होती. उरल्या दोन जागा. त्या जगननं मनातल्या मनात बहिणीला देऊन टाकल्या होत्या. थोरली बहीण रेवा शिरढोणला दिलेली. आई लवकर गेल्यावर तिनंच जगनला आणि हरेशला वाढवलं; दोघं तिला बाय म्हणायचे. तिचा नवरा हाशुराम साधा, गमत्या माणूस, मेहुण्यांवर जीव टाकणारा.

हरेश म्हणाला, "दादा, बायला आन् भावोजींना आनू नको. भावोजींना शुगर हाय. वय हाय. काय झालं तर आपन काय तोंड दाखवू?"

"आत्याबिगर लगीन?"

"माज्यावर काय रागावतोस? प्राचीला विचार."

प्राचीला विचारलं. ती हळू आवाजात म्हणाली, "काका बरोबर सांगतात पप्पा. शुगरवाल्यांचं या वेळी फार वाईट होतंय." त्या दोन जागा मालूच्या माहेरच्या तरुण भाच्यांना गेल्या.

आता गावाला सांगणं उरलं. कुणी म्हणालं, व्हॉट्सॲपवर टाक, सगळ्यांना कळतंच आहे. जगनला ते पटेना. गाव वर्षभर या लग्नाची वाट बघत होतं. बायका मालूला विचारत होत्या, हळदीला साड्या कुठल्या रंगाच्या? त्यांना मोबाइलवर "येऊ नका" म्हणून कसं सांगायचं? त्यानं पांढरा सदरा घातला, टॉवेल घेतला, तोंडाला मास्क लावला आणि निघाला.

पहिल्याच अंगणात तो थबकला. सवयीनं आवाज देणार होता, पण काय म्हणून द्यायचा ते सुचेना. घरातली बाई दारात आली. "काय जगनभाऊ, आवतन?"

"व्हय," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाय. लगीन हाय प्राचीचं, येत्या रविवारी. पन सरकारचा नियम हाय. तुमी... येऊ नका, हे सांगायला आलोय."

"असू दे, असू दे," ती म्हणाली, "आमाला काय कलत नाय?" पण दार लावताना तिनं ते जरा जोरात लावलं, की वाऱ्यानं लागलं, हे जगनला कळलं नाही.

असंच दारोदार. कुणी समजुतीनं घेतलं, कुणी नुसती मान डोलावली. एका म्हाताऱ्यानं ओसरीवरच त्याला अडवलं. "जगन, माज्या पोरीच्या हलदीला तू दिवसभर टोपापुढं उभा व्हतास. मी काय विसरलो नाय. आन् आता मला सांगतोस, येऊ नको?" म्हातारा रागावलेला नव्हता, त्याला खरंच समजत नव्हतं. जगन दोनदा म्हणाला, "नियम हाय, काका," आणि दोन्ही वेळा त्याला आपलाच आवाज त्या हवालदारासारखा वाटला. पुढच्या एका घराचं दार बंदच होतं. आतून बाईनं ओरडून सांगितलं, "इकडं येऊ नको रे जगन, पोराला ताप हाय!" तिथून परत फिरताना त्याला हायसं वाटलं. निदान एका दारात तरी ते वाक्य म्हणावं लागलं नाही. आणि हायसं वाटल्याची त्याला लगेच लाज वाटली.

शिरढोणला तो सगळ्यात शेवटी गेला. रेवा ओटीवर सुकट निवडत बसली होती. भाऊ दिसताच तिनं सूप बाजूला सारलं. जगन पायरीवर, लांबच बसला. इकडचं तिकडचं बोलून झालं. रेवानं त्याचा चेहरा बघितला.

"बोल ना. मी नको का हे नको?"

"दोगं पन," जगन म्हणाला. "भावोजींना शुगर हाय बाय, म्हनून. दुसरं कायेक नाय."

आतून खाटेवरून हाशुरामचा आवाज आला. "अरे, मी मास्क लावून लांब बसेन की! कुडाला टेकून. जेवन बी नको मला."

"गप बसा तुमी," रेवा आत बघून म्हणाली. मग जगनला म्हणाली, "तो काय हौसेनं सांगतो? जा तू. उन्हाचा आलास, पानी पी आन् जा."

तिनं तांब्या पायरीवर ठेवला आणि मागे सरकली. जगन पाणी प्यायला. त्याला वाटत होतं, हिनं भांडावं. लहानपणी चोरून बोरं खाल्ली म्हणून ती फोकानं मारायची, तसं मारावं. रेवानं पुन्हा सूप मांडीवर घेतलं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी हरेश आपल्या अंगणातूनच ओरडला, "दादा, लांबच राहा. हिला रातभर ताप हाय. आमी कोनी येत नाय."

जगनला आधी अर्थच लागेना. पाच माणसं गळाली होती. बारांची सात झाली होती. एवढी माणसं तोडून, दारोदार सांगून, जी निवडून ठेवली त्यातलीही निम्मी गेली. मालू मांडवाच्या खांबाला आंब्याचे टाळे बांधत होती. ती म्हणाली, "बायला बोलवा. शिरढोन काय लांब हाय? गाडी पाठवा, अर्ध्या तासात येतील."

जगननं फोन लावला. रेवानं उचलला.

"बाय, हरेशकडं ताप हाय. जागा हाय आता. तू आन् भावोजी या. मी गाडी पाठवतो."

पलीकडे जरा वेळ काही आवाज नव्हता. मग रेवा म्हणाली, "नको जगन. आता कवा तयारी करू आन् कवा येऊ? तुमी उरकून घ्या. पोरीला माजा आशीर्वाद सांग."

"बाय, रागावलीस?"

"नाय रे. मुहूर्त चुकवू नको." तिनं फोन ठेवला.

अंगणात निळ्या कापडाचा छोटा मांडव घातला होता. मुलाकडची मंडळी दोन गाड्यांतून उतरली. हृतिकच्या मुंडावळ्या आणि मास्कची दोरी एकमेकींत अडकली होती, ती सोडवायला त्याच्याजवळ बाप नव्हता. रमानं पुढे होऊन सोडवली. गोदूबाईंना खुर्चीसकट उचलून सावलीत ठेवलं. गुरुजी घड्याळ बघून भराभर म्हणत होते. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा जगनला पहिल्यांदा कळलं, की माणसं थोडी असली की आवाज किती पातळ होतो. समोरचा रस्ता मांडवातून दिसत होता. पलीकडची घरं दिसत होती.

त्यानं कुणाला कबूल केलं नसतं, पण त्याच्या मनात एक आशा होती. आपण "येऊ नका" म्हणालो, तरी कुणीतरी ऐकणार नाही. कुणीतरी कुंपणापाशी येऊन उभं राहील, लांबूनच चार दाणे टाकेल. जन्मभर ज्यांना "या" म्हणालो, ते एका "नका येऊ"नं थोडेच थांबतील? तो अक्षता टाकताना रस्त्याकडे बघत होता. एक पोलिसांची गाडी वळणापर्यंत येऊन परत गेली. बाकी कुणीही आलं नाही. पलीकडच्या घरांची दारं बंद होती. लोकांनी त्याचा शब्द पाळला होता.

दोन तासांच्या आत सगळं झालं. प्राची गाडीत बसताना आईच्या गळ्यात पडली. मग बापाकडे वळली आणि मध्येच थांबली. लॅबमधली सवय, तिनं आधी हातांना सॅनिटायझर लावला. मग मात्र तिला राहवलं नाही, तशाच ओल्या हातांनी तिनं बापाला धरलं. जगन म्हणाला, "आत्यानं आशीर्वाद सांगितलाय."

तिकडे गोदूबाईंचं खरंच बरं झालं. नातसुनेच्या हातून आंघोळ, तिच्या हातची पेज. प्राची लॅबची नोकरी सोडून उरणला दुसरी बघायला लागली. रमा हळूहळू स्वयंपाकघरात यायला लागली. हरेशची बायको आठ-दहा दिवसांत उठून बसली. जगनच्या मांडवातलं कुणीही आजारी पडलं नाही. हे तो नंतर पुष्कळांना सांगायचा, आणि सांगता सांगता मध्येच थांबायचा.

कारण पुढच्याच आठवड्यात शिरढोणहून फोन आला होता, की हाशुरामला पनवेलला नेलंय. खाट मिळेना म्हणून तीन दवाखाने फिरावे लागले. जगन आणि हरेश दोघांनी फोनवर फोन केले. यार्डातल्या साहेबापासून जुन्या नगरसेवकापर्यंत सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणायचे, बघतो. खाट मिळाली, पण माणूस टिकला नाही. पुन्हा तेच फाटक, पुन्हा तोच मास्क. रेवाचा मुलगा आत गेला. दोघे भाऊ बाहेर उभे राहिले.

रेवाचं विलगीकरण संपल्यावर जगन एकटाच शिरढोणला गेला. वाटेत तो काय बोलायचं ते जुळवत होता. तुम्हाला बोलावलं नाही ते चुकलं, की तुम्ही आला नाहीत ते बरं झालं? दोन्ही वाक्यं त्याला तोंडातून काढण्यासारखी वाटेनात.

रेवा त्याच ओटीवर बसली होती, कपाळ मोकळं. तो पायरीवर बसायला लागला तर म्हणाली, "वर बस. आता काय?"

तो वर बसला. मग तिनंच काढलं.

"तुजा फोन आला ना त्या दिवशी सकाली, तवा आमी दोगं कपडे करून बसलो व्हतो."

जगननं तिच्याकडे पाहिलं.

"हे पहाटेच उठले. म्हनाले, तिकडं नाय तर नाय, मुहूर्त आपन हितंच धरू. नवीन सदरा घातला, मला बी लुगडं बदलायला लावलं. देवापुढं तांदूल घेऊन बसलो. आन् तुजा फोन आला. यांचा घसा आदल्या रातपासनं दुखत व्हता. यांनी मला हातानंच खुनावलं, नको सांग म्हनून. पोरीच्या मांडवात कशाला न्यायचं?"

"बाय, मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू लगीन सोडून हितं आला असतास." ती म्हणाली. "मंग यांनी घड्याल बघितलं आन् आमी दोगांनी देव्हाऱ्यावर अक्षता टाकल्या. लई हसले. म्हनाले, आपल्याच लग्नाची आठवन झाली."

जगनला रडू फुटलं. तिच्यासमोर तो लहानपणीच काय तो रडला असेल. रेवानं त्याला रडू दिलं, समजावलं नाही. मग उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. तिनं ताट आणून त्याच्यासमोर ठेवलं, भात, सुकटाचं कालवण, कांदा.

"मी जेवून आलोय," तो म्हणाला.

"खोटं बोलू नको. जेव."

जगन जेवायला लागला. ती समोर बसून बघत होती म्हणून तो जेवत राहिला. भात संपत आला तसा तिनं विचारलंही नाही, आणखी एक वाढा टाकला.